काय गाळले, त्यालाही गुण

सात वर्षांच्या अंतराने आपल्या देशात ‘मॅपेथॉन’ याच नावाच्या दोन नकाशास्पर्धा झाल्या. पहिली २०१३ साली गूगलने घेतली. दुसरी २०२०च्या अखेरीस पवईच्या आयआयटी मुंबईने घेतली, इस्रो आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला (एआयसीटीई) बरोबर घेऊन. नाव तेच असले तरी दोघींनी स्पर्धकांकडून मागितलेले काम मात्र जवळजवळ उलटे होते. पहिलीत नकाशात भर घालायची होती. दुसरीत उपग्रहाने आधीच गोळा करून ठेवलेल्या ढीगभर माहितीतून एकच नकाशा घडवायचा होता. नकाशाकाराचे कसब लागते ते या दुसऱ्या कामाला. म्हणूनच नकाशाची स्पर्धा भरवायचीच असेल, तर परीक्षकांनी कागदावर काय आहे ते पाहावेच, पण काय गाळले आणि का गाळले याचेही गुण द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. त्यावर घेता येण्याजोगे आक्षेप किरकोळ नाहीत, तेव्हा त्यांचाही विचार करायला हवा.

आधी पहिल्या स्पर्धेविषयी. गूगलने २००८मध्ये ‘मॅप मेकर’ नावाची सोय काढली होती. तिच्या घडणीत भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. आपल्या गावातला रस्ता, दवाखाना, खाणावळ कोणीही नकाशावर नोंदवावी, अशी ही कल्पना. २०१३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिचीच स्पर्धा झाली आणि भरघोस नोंदी करणाऱ्यांना बक्षिसे जाहीर झाली. त्यानंतर १७६७पासून देशाचे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली आणि २०१४मध्ये सीबीआयने प्राथमिक चौकशी सुरू केली. वाद झाला तो सुरक्षेवरून. संवेदनशील ठिकाणे नकाशावर आली का, परवानगी घेतली होती का, एवढ्यावरच चर्चा अडकली. नोंदींच्या संख्येवर बक्षीस ठेवले की नकाशाचे काय होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. खुल्या भरणीचा धोका पुढे वेगळ्याच रीतीने दिसला. २०१५मध्ये रावळपिंडीजवळच्या भागात कोणीतरी अँड्रॉइडचा हिरवा यंत्रमानव ॲपलच्या बोधचिन्हावर लघुशंका करत असल्याचे चित्र नकाशावर चढवले आणि मॅप मेकर काही काळ बंद ठेवावे लागले. २०१७मध्ये ते कायमचेच बंद झाले.

पवईची स्पर्धा घेतली ती ‘फॉसी’ या प्रकल्पाने. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवण्यासाठी केंद्र सरकारच्या मदतीने आयआयटीत चालणारे हे काम आहे. त्याच संस्थेतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे देतो. स्पर्धकाने क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे आणि भारतीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून नकाशा करायचा, अशी मांडणी होती. क्यूजीआयएसला परवाना शुल्क लागत नाही. इस्रोच्या २००९मध्ये सुरू झालेल्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून बऱ्याच प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे लातूरच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आणि पुण्यातल्या कंपनीत पंधरा वर्षे संगणकी नकाशांचे (जीआयएस) काम केलेला माणूस, दोघांच्या हाती हत्यार एकच आणि कच्चा मालही एकच. मग एकाचा नकाशा दुसऱ्याहून सरस ठरणार तो कशावर? निवडीवर. स्पर्धेची ही रचनाच मला तिची सगळ्यात जमेची बाजू वाटते.

ही निवड किती बारीक असते, हे शेततळ्यांच्या उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एखाद्या स्पर्धकाने दुष्काळी तालुक्यातल्या पाणीसाठ्यांचा नकाशा करायचे ठरवले. महाराष्ट्र सरकारच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले मोठ्यात मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद होते. रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवरची २३.५ मीटर बाजू व्यापतो. तळे या चौकोनांच्या रेघांवर बेतून खणलेले नसते. ते निदान चार चौकोनांत विभागले जाते, आणि त्यातल्या बहुतेकांत पाण्याबरोबर बांध, तूर आणि पडीक जमीनही येते. संगणक त्या चौकोनाचा एकच सरासरी रंग ओळखतो. पाणी शोधण्याचे गणित लावून पाणी कशाला म्हणायचे याचा उंबरठा जरा खाली आणला, तर ओली काळी जमीन तळे म्हणून दिसू लागते. जरा वर नेला, तर खरी तळी गायब होतात. दोन्ही नकाशे दिसायला तितकेच देखणे निघतील. जाणता स्पर्धक इथे शेततळी सोडून देतो. ‘या प्रतिमेतून अमुक आकाराच्या वरचेच साठे दाखवले आहेत’ असे सूचीत लिहितो आणि फक्त तलाव, धरणे ठेवतो. शेततळी दाखवायचीच असतील, तर तो ५.८ मीटरचा लिस-४ शोधतो, कारण त्यात एका तळ्याला पंचवीसएक चौकोन मिळतात. तारखेचेही तसेच. उजनी धरणाचा फुगवटा ऑक्टोबरच्या प्रतिमेत एक दिसतो आणि मेच्या प्रतिमेत दुसराच. कोणती प्रतिमा घेतली यावर सोलापूर जिल्हा पाणीदार ठरतो की तहानलेला, हे अवलंबून असते.

आकड्यांच्या नकाशात ही जबाबदारी आणखी वाढते. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख ५७ हजार माणसे ४४६ चौरस किलोमीटरमध्ये राहतात. जिल्हेवार रंग भरलेल्या नकाशात गडचिरोलीचा पट्टा उपनगरच्या बत्तीसपट दिसतो, माणसे मात्र उपनगरात पावणेनऊपट. बहुतेक आजारांच्या रुग्णांचा निव्वळ आकडा रंगवा, मुंबई, पुणे आणि ठाणेच गडद दिसतील. तो नकाशा आजाराचा नसून लोकवस्तीचा असतो. दर लाख लोकसंख्येमागचा दर काढून मगच रंग भरायचा, हा धडा पहिल्या वर्षाच्या भूगोलात शिकवतात. तरीही कोविडच्या काळात निव्वळ आकड्यांचे नकाशे जगभर फिरले. नकाशा काढता येणे आणि नकाशा समजणे यांत केवढे अंतर असते, ते त्या काळात दिसले.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. स्पर्धेचे परीक्षक फार तर तासाभरात ढीगभर नकाशे पाहणार. ते डोळ्यांना जे दिसते त्यालाच गुण देणार. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते तपासायला अमेरिकेतली जुनी स्पर्धा सोयीची आहे. कार्टोग्राफी अँड जिओग्राफिक इन्फर्मेशन सोसायटी, म्हणजे ‘कॅजिस’, १९७०च्या दशकापासून चालत आलेली नकाशा-रचनेची स्पर्धा घेते. व्यावसायिकांचे आणि विद्यार्थ्यांचे विभाग तिथे वेगळे असतात. रंगसंगती, एकूण रचना, सफाई आणि अक्षरांकन हे तिचे निकष. हे चारही निकष डोळ्यांनी जोखण्याचेच आहेत. तरीही २०१०च्या नकाशांत तिथे सर्वोत्कृष्ट ठरला तो ओरेगन राज्यातल्या युजीन शहरातल्या डेव्हिड इमस यांचा अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा. आदल्या वर्षांच्या विजेत्यांत नॅशनल जिओग्राफिक आणि सीआयएचा नकाशा विभाग यांच्यासारखी नावे होती. इमस यांनी मात्र जवळजवळ एकट्याने, दोन वर्षांत सुमारे ६,००० तास खर्चून हे काम केले होते. त्यातला बराच वेळ नावे हलवण्यात गेला. भिंतीवरच्या नकाशांत राज्यांना वेगवेगळे रंग फासण्याची वहिवाट. इमस यांनी सीमेला एक रेघ दिली आणि रंग राखून ठेवला तो जंगल आणि डोंगरउतार दाखवायला. राज्यांचे रंग गाळल्यामुळेच जमीन दिसू लागली. डोळ्यांचे निकष लावणाऱ्या परीक्षकांनाही हे गाळणे कळले. म्हणजे डोळा वाटतो तितका भोळा नाही, निदान सराव झालेला डोळा तरी नाही.

पण सुंदर आणि खोटा नकाशा आला, तर तो सरावलेला डोळाही फसू शकतो, हे मान्य करावे लागते. कॅजिसच्या विद्यार्थी विभागातला एक पुरस्कार आर्थर रॉबिन्सन यांच्या नावाचा आहे, आणि त्यांचेच काम इथे आठवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तवार्ता विभागाचा नकाशाकक्ष सांभाळलेले रॉबिन्सन पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागले. १९५२च्या पुस्तकात त्यांनी आग्रह धरला की, नकाशाचे रूप ही सजावट नाही, तो वाचला जाण्याचा भाग आहे आणि त्याची चाचणी घेतली पाहिजे. १९६३मध्ये त्यांनी जगाच्या नकाशाचे नवे प्रक्षेपण आखले, तेही उलट्या क्रमाने: खंड नीट दिसेपर्यंत आकार जुळवत गेले आणि गणित नंतर बसवले. मर्केटरच्या १५६९च्या प्रक्षेपणावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. रॉबिन्सन यांनी क्षेत्रफळ आणि आकार दोन्हींत थोडी थोडी चूक पत्करली आणि ती उघड सांगितली. नॅशनल जिओग्राफिकने १९८८मध्ये हे प्रक्षेपण स्वीकारले आणि १९९८मध्ये सोडले. स्पर्धांनी उचलावे ते हे उघड सांगणे. नकाशाबरोबर एक पानाचे टिपण मागावे: मूळ माहिती कोणती, कोणत्या तारखेची, काय वगळले, कुठे चूक असण्याची शक्यता आहे. टिपण नाही, तर नकाशा परीक्षकांपुढे जाणार नाही. कामाचा भार थोडा वाढेल, पण शेततळ्यांचे देखणे थोतांड पहिल्याच टप्प्यावर पकडले जाईल.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. निवड, मांडणी आता सॉफ्टवेअरच करते. मग माणसाच्या कसबाची स्पर्धा हवी कशाला? नावे मांडण्याचेच काम घ्या. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२मध्ये याचे नियम लिहून काढले, आणि संगणकाने नावे मांडण्याचे बहुतेक प्रयत्न त्यांच्यावरच उभे आहेत. एक नियम असा की, किनाऱ्यावरच्या गावाचे नाव पाण्यावर लिहावे आणि किनारा सोडून असलेल्या गावाचे पूर्णपणे जमिनीवर. कोकणच्या नकाशात मालवण, वेंगुर्ले अरबी समुद्रावर लिहिले जातील. चिपळूण वाशिष्ठीच्या काठी असले तरी आत आहे, तेव्हा ते जमिनीवर. पण जमिनीकडे सह्याद्रीच्या छटा, घाटरस्ते, तालुक्याच्या सीमा आणि शेजारची गावे यांची दाटी असते. एक नाव सरकवले की चार सरकवावी लागतात. ठिपक्यांना नावे अशी देणे की एकही दुसऱ्यावर चढू नये, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या भाषेत ‘एनपी-हार्ड’ आहे, असे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झाले. ठिपके वाढले की सर्वोत्तम मांडणी हमखास आणि झटपट काढून देणारी रीत कोणाला माहीत नाही. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी तोडगा काढते आणि जे बसत नाही ते मुकाट्याने टाकून देते. ते कोणते गाव टाकते? बहुधा ज्याची लोकसंख्या कमी, ते. रायगडाच्या पायथ्याचे पाचाड छोटे म्हणून गेले आणि एखादे सामान्य उपनगर राहिले, तर गणिताला त्यात काही वावगे दिसत नाही.

इथूनच तिसरा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. गाळण्याला बक्षीस द्याल, तर गाळले जाणार कोण? पाडे, तांडे, वाड्या-वस्त्या. ज्यांना नकाशाने आजवर जागा दिली नाही, त्यांच्या बाजूने पाहिले तर गूगलची भर घालणारी स्पर्धा जास्त न्याय्य वाटते. ॲम्ब्युलन्सला पाडा सापडायचा असेल, तर तो आधी कुठेतरी नोंदला गेला पाहिजे. हे खरे आहे, आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. नोंदवही आणि नकाशा या दोन गोष्टी आहेत. नोंदवहीत पाडा असलाच पाहिजे, त्यासाठी भरणीच्या मोहिमा हव्यात, आणि त्यात बक्षीस नोंदींच्या संख्येला न देता पडताळून पाहिलेल्या नोंदींना द्यावे. नकाशा मात्र त्या नोंदवहीतून एका हेतूसाठी काढलेला असतो. आरोग्य उपकेंद्रांच्या नकाशात पाडा राहील आणि महामार्ग फिका पडेल. मालवाहतुकीच्या नकाशात याच्या उलट होईल. हेतू लिहून घेतला की परीक्षकाला विचारता येते, ‘या हेतूसाठी पाडा का गेला?’ लोकसंख्येच्या आकड्याने आपोआप गाळलेल्या पाड्याबद्दल असा जाब कोणालाच विचारता येत नाही.

एका बाबतीत मात्र पवईसारख्या स्पर्धेला अमेरिकेकडून घेण्यासारखे फारसे नाही, ती म्हणजे लिपी. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरची परवान्यांचे बहुतेक अडसर निघाले, तेव्हा मराठी नकाशे घराघरांत व्हायला माहितीची अडचण आता फारशी नाही. अडचण अक्षरांची आहे. रोमन लिपीत डोंगररांगेचे नाव लिहिताना अक्षरे लांब लांब पेरतात, नाव रांगेइतके ताणले जाते. देवनागरीत ‘सह्याद्री’ असा ताणला की शिरोरेघ तुटते आणि उरतात सुटे तुकडे. नदीचे नाव तिरक्या अक्षरांत लिहायचा रोमन संकेत आपल्याकडे मुद्रणपरंपरेतून आलेला नाही. नुसती कलती केलेली देवनागरी लहान आकारात वाचवत नाही. समोच्च रेषा शिरोरेघेला समांतर गेली, की ती अक्षराचाच भाग वाटते. ‘अक्कलकुवा’मधले जोडाक्षर सहा पॉइंटच्या टंकात काळा ठिपका होते, आणि वर-खाली मात्रा-उकार असल्याने दोन ओळींत मोडलेल्या नावाला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. इमहोफ यांच्या तोडीचे नियम देवनागरीसाठी कोणी तरी तालुक्याच्या नकाशावर हात चालवून बसवायला हवेत. ते ताणलेल्या सह्याद्रीसाठी शिरोरेघ सलग ठेवणारा टंक असेल, नदीच्या नावासाठी तिरकेपणाऐवजी निळी शाई आणि वळणावर बसवलेली अक्षरे असतील, किंवा आणखी काही. स्पर्धेत मराठी नकाशांचा वेगळा विभाग काढला, तर एका वर्षात वीस-पंचवीस विद्यार्थी वीस-पंचवीस वेगवेगळी उत्तरे आणून ठेवतील, आणि त्यातली चार तरी पुढच्या शालेय ॲटलासात वापरता येतील.