घरच्या घरीं सायकलीस वातकवच

सपाट रस्त्यावर सायकल हांकणाऱ्याचे श्रम कोठें खर्च होतात, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक ओझ्याकडे किंवा चाकांच्या घर्षणाकडे बोट दाखवितील. वस्तुतः ताशीं 25 किलोमीटरांच्या गतीला निम्म्याहून अधिक श्रम केवळ हवा बाजूस सारण्यांत खर्ची पडतात. गति दुप्पट झाली कीं हवेचा विरोध चौपट होतो.

बुलढाणा जिल्ह्यांतील सायकलस्वारास हा नियम पुस्तकावांचून ठाऊक असतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट मुलखांतून पावसाळ्यांत नांदुऱ्याहून मलकापुरास निघालेल्या माणसाच्या तोंडावर पश्चिमेचा वारा येतो. तो ताशीं 15 किलोमीटर चालला व वाराही तितक्याच वेगानें समोरून आला, तर हवा त्याच्या अंगावर 30 किलोमीटरांच्या वेगानें आदळते. वारा पडलेल्या दिवसाच्या मानानें हा जोर चौपट होय.

यावरील उपाय म्हणजे हवेस सुलभ वाट करून देणारें कवच. फ्रान्समधील मार्सेल बेर्ते या स्वारानें 1933 सालीं अशा कवचांत बसून एका तासांत 49.992 किलोमीटर अंतर तोडलें. साध्या सायकलीवरील विक्रम तेव्हां पंचेचाळीसाच्या आंतच होता. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघानें मात्र 1914 सालींच अशा साधनांस मज्जाव केला होता. पुढें 2016 सालीं अमेरिकेंतील नेव्हाडा प्रांतांत पूर्ण कवचाच्या सायकलीनें केवळ मनुष्यबळावर ताशीं 144.17 किलोमीटरांचा वेग गांठला.

घरगुती कवचास फलक रंगविणाऱ्यांकडे मिळणारा, ‘सनपॅक’ नांवानें ओळखला जाणारा पोकळ पन्हळींचा प्लॅस्टिकचा पत्रा पुरतो. तो हलका असून साध्या सुरीनें कापतां येतो. प्रथम जुन्या पुठ्ठ्याचा नमुना करून तो सायकलीवर धरून पाहावा. पत्र्याच्या पन्हळी उभ्या ठेवल्या म्हणजे तो सहज गोलाकार वळतो. घडी हवी असेल तेथें एका पन्हळीची आंतली बाजू तेवढी चिरावी. पुढील भाग वाटोळा असावा व वरची कड स्वाराच्या छातीपर्यंतच यावी, म्हणजे दृष्टि अडत नाहीं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, रुंद वायसर व बोल्ट यांनीं कवच सांगाड्याच्या पुढील नळीस आवळावें. हँडलास तें बांधूं नये. कारण बाजूनें वारा आला कीं हँडलच फिरूं पाहतें. शेवटीं हँडल दोन्ही अंगांस पूर्ण वळवून चाक, गुडघे व ब्रेकच्या तारा कोठें अडकत नाहींत, याची खात्री करून घ्यावी.

मग बेर्तेप्रमाणें सर्वांगच कां झांकूं नये? लाभ तर त्यांतच अधिक आहे. हवा केवळ पुढें दुभंगून भागत नाहीं, ती मागें नीट मिळावीही लागते; म्हणूनच पूर्ण कवच माशाप्रमाणें शेपटीकडे निमुळतें करतात. परंतु वैशाखांतील वऱ्हाडी उन्हांत अशी बंदिस्त पेटी म्हणजे भट्टीच. शिवाय मोठ्या पृष्ठावर आडवा वारा शिडाप्रमाणें भरतो. महामार्गावर मालमोटार शेजारून गेली कीं हवेचा तो धक्का स्वारास चाकाखालीं लोटण्यास पुरेसा होतो. म्हणून या प्रदेशास पुढचें, आखूड व मागें उघडें कवच बरें. त्याचा लाभ थोडा, पण धोकाही थोडा. पहिली फेरी मोकळ्या मैदानांत, मंद वाऱ्यांत काढावी.

राजूरच्या घाटांत मात्र या कवचाचा उपयोग नाहीं. तेथें गति मंद व झुंज चढाशीं असते. उन्हानें हा पत्रा कालांतरानें ठिसूळ होतो, म्हणून तडा दिसतांच तो बदलावा. पुठ्ठ्याचा नमुना जपून ठेवला असल्यास हें काम एका दुपारचें आहे.