लघवीची नळी आणि वऱ्हाडचा उन्हाळा

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे गेला, की डोके धरून बसलेल्या, चेहरा लाल होऊन घामाघूम झालेल्या माणसाला ‘ऊन लागलं’ असे म्हणण्यास वऱ्हाडातील कोणत्याही घरात क्षणाचाही विलंब लागत नाही. आणि त्याला कूलरसमोर आडवे निजवून, तळव्यांना कांद्याचा रस चोळून, पन्हे वा पाणी पाजण्याची जी तजवीज तत्काळ होते, ती पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे तिच्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. परंतु तो माणूस झाडावरून, विहिरीत अथवा मोटारसायकलवरून पडून मानेच्या वा पाठीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूस इजा झालेला असेल, आणि त्याच्या मूत्राशयात नळी बसविलेली असेल, तर हीच मायेची तजवीज त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून अशा घरात कपाळाला हात लावण्यापूर्वी लघवीच्या पिशवीकडे पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. नळी चोंदली की मूत्राशय ताणले जाते व त्याची वर्दी मज्जारज्जूतून वर निघते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर अथवा त्याहून वर असल्यास ही वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही, मात्र इजेखालील मज्जातंतू तिच्या चिथावणीने रक्तवाहिन्या आवळून धरतात आणि रक्तदाब भराभर चढू लागतो. तो उतरविण्याचा मेंदूचा हुकूम इजेच्या खाली चालत नाही. त्याचा अंमल केवळ वरच्या भागावर असल्यामुळे चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो, नाक चोंदते, डोके घणाचे घाव बसावेत तसे ठणकते आणि बहुधा नाडी मंदावते. वैद्यक यास ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ म्हणते. अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी 90 ते 110 इतकाच असतो. म्हणून 140 हा आकडा, जो अन्य कोणाच्या बाबतीत विशेष चिंतेचा नसता, तो येथे धोक्याचा ठरतो, आणि हयगय झाल्यास झटके येण्याची व मेंदूत रक्तस्राव होण्याचीही भीती असते. आडवे निजविल्याने हा दाब अधिकच चढतो आणि पाजलेले पाणी अखेर त्याच तुंबलेल्या मूत्राशयात येऊन साठते.

तेव्हा प्रथम रुग्णास ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कमरेचा पट्टा, नाडी, मोजे सैल करावेत, आणि मग नळी मांडीखाली दबली आहे काय, मुरडली आहे काय, पिशवी काठोकाठ भरली आहे काय, हे टोकापासून टोकापर्यंत पाहावे. बहुतांश वेळी उत्तर येथेच सापडते. ते न सापडल्यास, आणि घरातील कोणास रीतसर शिकविलेले असल्यासच, शरीराइतपत कोमट निर्जंतुक सलाइन 10 ते 15 मिलिलिटर हलक्या हाताने सोडून पाहावे. ते परत न आल्यास आणखी ढकलू नये, नळी बदलावी. नवी नळी बसविताना लघवी वाहू लागल्याखेरीज तिला मूत्राशयात धरून ठेवणारा फुगा कदापि फुगवू नये, कारण तो मूत्रमार्गातच फुगला तर इतरांप्रमाणे कळवळून ओरडण्याची सोय या रुग्णास इजेने ठेवलेली नाही. फुग्यासकट नळी ओढली जाऊन रक्त आले असेल, अथवा ओटीपोटातून बसविलेली नळी निसटली असेल, तर तातडीने इस्पितळ गाठावे. ओटीपोटाचे ते छिद्र काही तासांतच, कधी त्याहूनही लवकर, आकसू लागते. लघवी मोकळी होऊनही दाब उतरत नसेल तर शौचाचा खडा, चिघळलेली जखम वा मांसात रुतलेले नख यांचा शोध घ्यावा. दाब उतरविणारी गोळी मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली तीच, आणि सांगितलेल्या रीतीनेच द्यावी.

येथे एक गुंतागुंत सांगितलीच पाहिजे. अशा रुग्णास ऊन खरोखरही लागते, किंबहुना इतरांहून लवकर लागते, कारण इजेखालील त्वचेस घाम येत नाही. परंतु तेव्हा अंग तापलेले, नाडी जलद आणि रक्तदाब बहुधा खालावलेला असतो. म्हणूनच खर्चाचा हिशेब न करता घरात रक्तदाबाचे यंत्र ठेवावे.

नळी चोंदण्यास बहुधा जंतू कारणीभूत असतात. त्यांपैकी काही लघवी अल्कधर्मी करतात आणि मग तिच्यातील क्षार नळीच्या भोकाशी खड्यांसारखे जमतात. नळी वाहती असताना भरपूर पाणी पिणे हा त्यावरचा साधा उपाय. पण पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तेथे गोड्या पाण्याची घागर कोणासाठी राखावी, याचा निर्णय घराने जाणीवपूर्वक करावा लागतो.

अमरावतीच्या इर्विन वा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून घरी परतण्यापूर्वी नळी बदलण्याची रीत घरातील दोघांनी तरी परिचारिकेसमोर स्वहस्ते करून पाहावी. उशाशी एक कागद असावा: इजा कोणत्या मणक्याची, नेहमीचा रक्तदाब किती, नळीचा क्रमांक कोणता, ती बदलली कधी. दाब उतरला नाही तर 108 ला फोन करताना, आणि आलेल्या डॉक्टरांच्या हाती तो कागद देताना, ‘मज्जारज्जूची इजा आहे, नळी चोंदली आहे, दाब चढला आहे’ एवढे प्रथम सांगावे. आणि रुग्णवाहिकेतही त्यास सपाट न निजविता बसतेच ठेवण्याचा आग्रह धरावा.