नाकातला फवारा आणि कोलकात्याच्या वह्या

गर्भनिरोधक गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. एवढा वळसा कशाला, थेट नाकातूनच औषध दिलं तर? डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी 1970 च्या दशकात रीसस माकडांवर हा प्रयोग केला. संप्रेरकाचा फवारा नाकात मारला की ते मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतं का, हे ते तपासत होते. कमी मात्रेत काम भागावं, हा हेतू.

पुढे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. गर्भधारणा टाळण्यावर वर्षानुवर्षं काम केलेला हा माणूस गाजला तो मात्र जन्मामुळे! 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. ती देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली आणि त्याबद्दल आनंद कुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांचं कौतुक झालं.

मग 1997 मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या वह्या त्यांच्या हाती आल्या. मुखोपाध्यायांनी 1978 मध्येच असा जन्म घडवला होता. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. नोंदी वाचून आनंद कुमारांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं: पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा आपणहून दुसऱ्याला देणारे संशोधक विरळाच.