पाणी पिऊनच निघा : वासोट्याच्या वाटेवरचा एक दिवस

सरपणासाठी, वैरणीसाठी, पाण्यासाठी आपण जन्मभर चालतच आलो. पण डोक्यावर ओझं नसताना, नुसतं रान बघायला म्हणून चालायचं, हे आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी पन्नाशी आली तरी केलं नव्हतं. म्हणून मागच्या वर्षी हिवाळ्यात आम्ही चौदा जणी वासोट्याला गेलो. त्या दिवशी एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज बोलतोय.

आधी जागा सांगतो. वासोटा आपल्या सातारा जिल्ह्यातला, जावळीच्या दाट रानातला किल्ला. साताऱ्याहून कासवरून बामणोलीला यायचं. कोयना धरणाचं पाणी इथवर पसरलंय, त्याला शिवसागर म्हणतात. बामणोलीहून बोटीनं तास-दीड तास गेलं की पलीकडच्या काठाला मेट इंदवली लागतं. तिथून पायवाट सुरू होते. पाणी मागे राहतं, ओढा लागतो, आणि मग दोन-अडीच तासांची चढण, बरीचशी झाडांच्या सावलीतून. पेशवाईच्या शेवटच्या काळात ताई तेलीण या बाईनं बापू गोखल्यांच्या फौजेशी हा गड लढवला. हे ऐकल्यावर आमच्यातल्या कुणाचे पाय मागे राहीनात.

हे सगळं कोयना अभयारण्य आहे, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. म्हणून वनखात्याकडे नावं नोंदवावी लागतात. जवळचं प्लास्टिक मोजून लिहितात आणि परत येताना तपासतात. मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात वाट बंद असते.

आम्ही तयारी नीट केली होती. भाड्याची वर्गणी, ओळखपत्रं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, सगळं. अर्धी चढण झाली आणि आमच्या एका काकी मटकन खाली बसल्या. डोळ्यांपुढं अंधारी, पोटऱ्यांत गोळे. विचारलं, "काकी, पाणी किती प्यायलात?" त्या म्हणाल्या, "पहाटेचा कपभर चहा. वाटेत लघवीला कुठं जायचं, म्हणून पाणी घेतलंच नाही."

मग आम्ही सगळ्यांना विचारलं. चौदातल्या नऊ जणींनी तेच केलं होतं. बाटल्या पिशवीत भरलेल्या, झाकणही उघडलेलं नाही. काकींना सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, साखर-मिठाचं पाणी घोट-घोट दिलं. अर्ध्या तासानं त्या सावरल्या. पण पुढं चढायचं नाही, असं ठरलं. दोघी त्यांच्यासोबत वाटाड्याला घेऊन सावकाश खाली उतरल्या. बाकीच्यांनीही गड सोडला आणि मागोमाग उतरलो.

चूक काकींची नव्हती, आमची होती. भाकरीचा हिशेब केला, पण बायांच्या लघवीचा विचार केला नाही. लाजेपोटी हा विषय बैठकीत निघालाच नाही.

चालताना घामावाटे अंगातलं पाणी आणि मीठ जातं. ते भरून निघालं नाही की डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. लघवी गडद पिवळी झाली की समजावं, पाणी कमी पडलं. पाणी न पिणं आणि लघवी तासन्‌तास दाबून धरणं, या दोन्हींमुळे जळजळ आणि जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो. आणि ही सवय डोंगरापुरती नाही. बाजारच्या दिवशी, एसटीच्या प्रवासात, भांगलणीला, बँकेच्या कामाला गेल्यावर आपण हेच करतो.

म्हणून आता आमच्या गटाचे नियम ऐका. निघताना घरून दोन पेले पाणी पिऊन निघायचं. प्रत्येकीजवळ किमान दोन लिटर पाणी, आणि अर्ध्या तासानं थांबून सगळ्यांनी मिळून प्यायचं. साखर-मिठाचं पाणी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. कुणाला रक्तदाब, साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बोटीत बसण्याआधी बामणोलीतच सोय विचारून सगळ्यांनी जाऊन यायचं. रानात दोघी-दोघींनी जायचं, एकीनं ओढणी किंवा जुनं लुगडं आडोशाला धरायचं. पायवाटेपासून बाजूला, पण हाकेच्या अंतरावर. ओढ्यापासून आणि तलावाच्या काठापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब. शौचाला जायचं तर छोटा खड्डा करून माती लोटायची. पाळीचे पॅड कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणायचे. रानात टाकायचे नाहीत.

आणखी थोडं. चपला वाळक्या पानांवर घसरतात, जुने का होईना बूट घाला. अत्तर लावू नका, धूर करू नका, आग्या माश्या उठतात. रानात गवे आणि अस्वलं आहेत, म्हणून कुणी एकटीनं पुढं जायचं नाही. मोबाईलला रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ घरी सांगून निघा. सर्वांत सावकाश चालणारी बाई पुढे ठेवा, बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. आणि परतीची बोट चुकू नये म्हणून वर पोचलो नाही तरी ठरल्या वेळी मागे फिरायचं.

यंदा आम्ही पुन्हा गेलो. काकी सगळ्यांत पुढं होत्या. दर अर्ध्या तासानं त्याच ओरडायच्या, "बाटल्या काढा गं!" दुपारी आम्ही चौदा जणी गडावर होतो. खाली शिवसागराचं पाणी रानात दूरवर पसरलेलं दिसत होतं, आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत सहलीचा विषय घ्या. वर्गणी ठरवाल, तारीख ठरवाल. त्याच बैठकीत लघवीचा विषयही मोकळेपणानं काढा. एकीनं काढला की बाकीच्या बोलतात.