रोबोटचा संच देण्यापूर्वी



नाताळ जवळ आला की वसतिगृहाच्या मुलांसाठी काय पाठवावे, अशी विचारणा मंडळ्यांकडून होते. अलीकडे काहीजण छोट्या रोबोटचा संच द्यावा का, असे विचारतात. जरूर द्यावा. आमची मुले सायकलचे पंक्चर स्वतः काढतात. त्यांच्या हातांना यंत्राची भीती नाही. म्हणूनच संच निवडताना एक कसोटी लावा: तो बिघडला तर मुलांना उघडून दुरुस्त करता येईल का?

अशा रोबोटचे मुख्य भाग चार. पहिला मेंदू, म्हणजे प्रोग्राम साठवणारा बोर्ड. सहावी-सातवीच्या मुलांना मायक्रोबिट सोपा जातो. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडले की प्रोग्राम तयार होतो. मोठ्या मुलांसाठी आर्डुइनो उनो घ्यावा. 2005 मध्ये इटलीत सुरू झालेल्या या प्रकल्पाने आपला आराखडा सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे त्याच धर्तीचे बोर्ड अनेकजण बनवतात आणि ते स्वस्तात मिळतात. दोन्हींचे सॉफ्टवेअर विंडोज संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही काम चालते.

दुसरा भाग मोटारी. पिवळ्या, गिअरच्या छोट्या मोटारी 3 ते 6 व्होल्टवर चालतात. त्या बोर्डाला थेट जोडू नयेत. उनोची एक पिन 40 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोसत नाही आणि मोटारीला त्याच्या कित्येक पट लागतो. मध्ये मोटार ड्रायव्हर हवाच. नेहमी मिळणारा एल298एन चालेल.

तिसरा भाग बॅटरी. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी मोटारींचा भार पेलत नाही, लवकर दमते. पुन्हा चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे सहा सेल घेतले तर 7.2 व्होल्ट होतात. त्यातले सुमारे 2 व्होल्ट ड्रायव्हर खातो, उरलेले मोटारींना पुरतात. लिथियमचे सुटे सेल मात्र पाठवू नका. तारेला तार लागली तर आग लागू शकते.

चौथा भाग संवेदक. एचसी-एसआर04 हा संवेदक ध्वनिलहरी सोडून 2 सेंटिमीटरपासून 4 मीटरपर्यंतचे अंतर मोजतो. तो 5 व्होल्टचा असल्याने उनोला थेट जुळतो. मायक्रोबिट सुमारे 3 व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी संवेदक विचारूनच घ्यावा.

ज्या संचाचे भाग त्याच कंपनीचे आणि जोडण्याही खास तिच्याच, तो दिसायला देखणा असतो. पण एक मोटार जळली की सगळा संच कपाटात जातो. नेहमीच्या स्क्रूंचा, सुट्या भागांचा संच मुले पुन्हा उभा करतात. म्हणून एका महागड्या संचाऐवजी तीन-चार साधे संच द्या. तिघांत एक असला तरी प्रत्येकाचा हात लागतो. त्यासोबत जादा तारा, दोन मोटारी, चार्जर आणि एक स्क्रूड्रायव्हर पाठवा.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला आहे. या देणगीतही मोटारी आणि सेल पुढच्या वर्षी बदलावे लागतील, तो खर्च आजच धरा. आणि तुमच्या मंडळीत कोणी अभियंता किंवा वायरमन असेल, तर त्याचा एक शनिवार आम्हाला द्या. मुलांना संचाइतकीच शिकवणाऱ्याची गरज आहे.