नगरच्या गच्चीवर सेक्स्टंट

अहिल्यानगर शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास १९ अंश उंच दिसतो. खलाशी याच हिशोबाने अक्षांश काढतात. त्यांच्या सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या उपकरणाचे आरसे ताऱ्याचे प्रतिबिंब खाली आणून क्षितिजरेषेला टेकवतात. मग चापावरचा कोन वाचायचा. त्यात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर जागा १ सागरी मैलाने, म्हणजे १.८५२ किलोमीटरने चुकते. रेखांशासाठी अचूक घड्याळही हवे.

नगरला समुद्राचे क्षितिज नाही. म्हणून थाळीत तेल ओतून सूर्य आणि तेलातले त्याचे प्रतिबिंब जुळवावे. येणारा कोन दुप्पट असतो. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तो ९५ अंशांच्या आसपास येईल. निम्मा करा, सूर्याची उंची मिळेल. सूर्य आणि प्रतिबिंब, दोन्हींसाठी सेक्स्टंटच्या गडद काचा लावल्याशिवाय डोळा लावू नका.