पहिल्या पाळण्याची घाई

गेल्या वैशाखांत आमच्या माणदेशांतील गांवीं एक लग्न झालें. वधूवरें पायां पडण्यास आलीं, तेव्हां सवयीनें माझ्या तोंडून ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हे शब्द निघून गेले. मुलीची आई शेजारींच उभी होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. ती हंसली, पण स्पष्टच म्हणाली, “गुरुजी, आठ नगंत. एकच लेकरूं आसूं द्या, आन् तेबी दोन वर्सांनी.” जन्मभर मुलांच्या चुका काढण्यांत घालविलेल्या माणसाची चूक आज विद्यार्थिनीनें काढली होती, आणि ती रास्त होती.

तिला तो अधिकारही होता. ती सातवींत असतां तिचे वडील माझ्याकडे आले व मुलीचें वय दाखल्यावर चार वर्षांनीं वाढवून मागूं लागले. मीं साफ नाकारलें, आणि आपण सत्यास जागलों याचें मला समाधान वाटलें. लग्न मात्र थांबलें नाहीं, व तें थांबविण्यासाठीं मीं पाऊलही उचललें नाहीं. सोळावें वर्ष संपण्यापूर्वींच तिचें पहिलें बाळंतपण झालें. तें मूल जगलें नाहीं. पुढील पांच वर्षांत तीन बाळंतपणें झालीं, आणि गणितांत वर्गांत पहिली येणारी ती मुलगी विशींतच म्हातारी दिसूं लागली. दाखला खरा ठेवून मीं काय राखलें, हा प्रश्न मला आजही सोडीत नाहीं.

कायद्याची उणीव होती म्हणावें, तर तसें नाहीं. इ. स. १९२९ च्या शारदा कायद्यानें वधूचें वय १४ व वराचें १८ ठरविलें. १९४९ मध्यें वधूचें १५ झालें. १९७८ मध्यें तीं अनुक्रमें १८ व २१ झालीं. आणि २००६ मध्यें बालविवाहाविरुद्ध अधिक कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ स्त्रियांचें लग्न अठराच्या आंत झालेलें होतें.

याचें खापर केवळ अज्ञानावर फोडणें अन्यायाचें होईल. बीडकडील ऊसतोडणी कामगारांत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, आणि मुकादम उचल देतो ती त्या कोयत्यावर. वयांत आलेली मुलगी पांच-सहा महिने गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईबापांची खरी काळजी असते. दुष्काळी मुलुखांत थोरलीच्याच मांडवांत धाकटीचें लग्न उरकलें कीं एका लग्नाचा खर्च वांचतो. ज्याच्या घरीं ही अडचण नाहीं, त्यानें नाक मुरडणें सोपें आहे.

लवकर लग्न व लवकर संतति हाच शास्त्राचा आदेश, असें कोणी म्हणेल तर त्यानें ग्रंथ उघडून पाहावे. सोळा वर्षांखालील स्त्रीस पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून राहिलेला गर्भ नीट वाढत नाहीं, असा इषारा सुश्रुतानें दिला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहानंतर दांपत्यानें तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष ब्रह्मचर्य पाळावें, असे पर्याय सांगितले आहेत. नववधूस पहिल्या आषाढांत माहेरीं धाडण्याची आपली रूढीच पाहा ना ! आषाढांत दिवस राहिले तर बाळंतपण भर उन्हाळ्यांत येतें, असें जुन्या बायका सांगत. म्हणजे थांबणें ही कांहीं परक्यांची शिकवण नव्हे.

सातारा जिल्हा परिषदेनें इ. स. २००७ मध्यें एक निराळाच उपाय योजिला. पहिलें मूल दोन वर्षें लांबविणाऱ्या नवदांपत्यास पांच हजार रुपये, व तीन वर्षें लांबविल्यास साडेसात हजार रुपये देण्याचें तिनें ठरविलें. पैशानें संयम विकत घ्यावयाचा काय, असें मलाही त्या वेळीं वाटलें. पण आज वाटतें कीं, त्या रकमेहून मोठी देणगी निराळी होती. सासूसासऱ्यांना ‘आम्हीं थांबणार’ असें सांगण्यास लाजणाऱ्या मुलांच्या हातीं तिनें एक सबब दिली.

२०१९-२१ च्या त्याच पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें, इतकी संख्या उतरली होती. परंतु संख्या उतरली म्हणून घाई गेली असें नाहीं. पुष्कळ खेड्यांतून अजूनही क्रम तोच : लग्न, वर्षांत पाळणा, लागोपाठ दुसरा, आणि मग बायकोची शस्त्रक्रिया. वरील पाहणींतच देशभर स्त्री-शस्त्रक्रियेचें प्रमाण शेंकडा ३७.९, तर पुरुषांचें अवघें ०.३ आढळलें, वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची! १९७६-७७ च्या सक्तीची धास्ती याच्या मुळाशीं थोडीबहुत असेल, पण पुरुषांचा आळसही कमी नाहीं. गोळ्या, निरोध, तांबी हीं अंतर राखण्याचीं साधनें सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी हा विषय घरांत काढावयाचा कोणी, हें अजून ठरलेलें नाहीं.

वाचकहो, हें खेड्यापाड्यांचें दुखणें म्हणून पान उलटूं नका. पहिल्या मंगळागौरीस जमलेल्या आपल्याच माजघरांत ‘काय ग, कांहीं विशेष ?’ हा प्रश्न नव्या सुनेला कितीदां विचारला जातो ! एकत्र कुटुंबांत विचारणारीं तोंडें दहा आणि उत्तर देणारी मुलगी एक. तिनें थांबावें अशी इच्छा असेल, तर आधीं वडिलधाऱ्यांनीं विचारणें थांबविलें पाहिजे. आणि आपल्या मुलाशीं या गोष्टी बोलण्याचें काम बापानें पत्करलें पाहिजे.

त्या दिवशीं मीं वधूवरांस पुन्हां बोलावलें. वधू बारावी झालेली होती, तिला पुढें शिकावयाचें होतें. ‘दोघेंही दीर्घायुषी व्हा, आणि हिचें शिक्षण पुरें करा,’ असा आशीर्वाद मीं दिला. संस्कृतांत तो कसा म्हणावा हें सुचलें नाहीं, पण तिच्या आईचे डोळे भरून आले. पूर्वीं जें पाऊल उचलावयाचें राहिलें होतें, तें इतक्या उशिरां का होईना, मीं उचललें.